मांडीवरचा धागा

जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर 'प्राडा'ने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, मूळ कारागिरांचा उल्लेखही न करता. आपण संतापलो, योग्यच होते ते. पण आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या करवतकाठी साडीचे काय? ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबे पाखरे हाकलत कोशाच्या अळ्या राखतात. मोहाडी-आंधळगावात वस्त्र विणले जाते. टसरचा धागा काढायची जुनी रीत मात्र अशी, की बाईने तो उघड्या मांडीवर घासून वळायचा. कातडी सोलवटते. ही रीत मार्च २०२०पर्यंत संपवायचे केंद्र सरकारने ठरवले, 'बुनियाद' यंत्रेही दिली. गोसीखुर्दहून नागपूरला गेलो की दुकानात 'अस्सल हातकाम' हे शब्द ऐकू येतात. किमतीत धागा काढणारीचा वाटा किती, असे विचारले की विक्रेता पदर उलगडून दाखवू लागतो.