कोवळी साल

जमिनीतून नुकत्याच काढलेल्या बटाट्यावर अंगठा घासला की साल पापुद्र्यासारखी सुटते. माझी मामी बटाटा पारखायची ती अशीच. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर मामाचं शेत. पावसाच्या भरवशावर लावलेला बटाटा नवरात्राच्या आगेमागे निघायचा. वाण कुफरी ज्योती, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९६८ साली दिलेला. साल सुटली तर मामी म्हणायची, "अजून कच्चाय, राहू दे." मग पाला कापायचा आणि आठ-दहा दिवस थांबायचं. पाला गेला की बटाट्याची वाढ थांबते, साल घट्ट धरते. काढताना खरचटत नाही, की पोत्यात सडत नाही. चांगला माल मंचरच्या बाजारात जायचा. घरच्या कालवणात पडायचे ते नांगराचा फाळ लागून चिरलेले.

लग्नानंतर पुण्यात पोत्यातलेच बटाटे वाट्याला आले. अँडीजच्या डोंगरातलं हे पीक पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आलं आणि आपल्या एकादशीच्या फराळात जाऊन बसलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता घरामागे दोन सऱ्या आहेत. दिवाळीच्या सुमारास, रात्री गार व्हायला लागल्या की लावते, कारण थंडीशिवाय बटाटा पोसत नाही. बेणं दर वर्षी नवं आणते. घरचं ठेवलं तर माव्यानं पसरवलेला विषाणूजन्य रोग पुढच्या पिकात उतरतो. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवायचे, कापाला राख लावायची. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखालच्या खोडाचं फुगलेलं टोक. म्हणून रोपं वीतभर झाली की बुडाशी मातीची भर द्यायची. उघड्या पडलेल्या बटाट्याला ऊन लागलं की तो हिरवा आणि कडू होतो. तसला खायचा नाही.

एका सरीला मी साल धरू देत नाही. पाला हिरवा असतानाच बोटांनी माती उकरते, कुदळ लावत नाही. ही साल ट्रकचा प्रवास सोसत नाही, म्हणून हे बटाटे परसात लावणाऱ्यालाच मिळतात. सालीसकट, मोहरी-मिरचीच्या फोडणीवर झाकण ठेवून शिजवायचे. पाणी लागत नाही.

मामी राहायला आली तेव्हा तिला हेच वाढले, अख्खे. तिनं दोनदा घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी विळा मागून घेतला आणि उरलेल्या सरीचा पाला स्वतः कापला.