चुन्यातील विस्तव

गोव्यातील जुनी घरे पाहिली की दोन पदार्थांचे ऋण मान्य केल्यावाचून गत्यंतर राहत नाही. एक तांबडा चिरा आणि दुसरा चुना. चिरा जमिनीतून निघे. चुना मात्र येथे पुष्कळ अंशी पाण्यातून वेचला जाई. खाडीच्या व समुद्राच्या काठी सापडणारे शिंपले गोळा करावयाचे, ते भट्टीत भाजावयाचे आणि मग त्यांचा चुना करावयाचा, अशी रीत होती. शिंपला काय आणि डोंगरातील चुनखडी काय, रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे कूळ एकच. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच होत.

आमच्या लहानपणी वाड्यावर एखाद्या घराचे काम निघाले की चुना विरवण्याचा दिवस आम्हां मुलांना पर्वणीसारखा वाटे. भट्टीतून आलेला कळीचा चुना अगदी थंड असे. हातात घेण्याची सक्त मनाई असल्याने तो दुरूनच पाहावयाचा. पांढरा, कोरडा, निरुपद्रवी दिसणारा तो खडा कुंडातील पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नसे. मग तो तडकू लागे, फुगे, फुटे. पाणी खदखदू लागे आणि वाफेचे लोट उठत. कोठेही जाळ नाही, लाकूड नाही, आणि पाणी उकळते आहे! कामावरच्या वृद्ध गवंडीकाकांचा एक डोळा पांढरा पडलेला होता. तरुणपणी अशाच एका कुंडातून उडालेला चुना त्या डोळ्यात गेला होता. ते आम्हांला काठीने मागे सारीत आणि म्हणत, "बाळांनो, लांब राहा. हा थंड दिसतो खरा, पण ह्याच्या पोटात भट्टीतला विस्तव आहे."

हे बोल अडाणी म्हणून सोडून देण्याजोगे मुळीच नाहीत. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील थोर पंडित ऑगस्टीन ह्यानेही चुन्याविषयी हेच आश्चर्य प्रकट केले आहे. पाण्याने विस्तव विझावा, तर चुन्यातील दडलेला विस्तव पाण्यानेच जागा होतो. आणि ज्या तेलाने विस्तव भडकावा, ते ओतले तर चुना ढिम्म हालत नाही, ही विपरीत गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. पुढे अठराव्या शतकापर्यंत अनेक रसायनवेत्ते असेच मानीत की भट्टीतील अग्नीचे काही कण दगडात शिरून बसतात आणि त्यामुळेच चुन्याला दाहकपणा येतो.

ह्या समजुतीला धक्का दिला तो एका तराजूने. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की भाजल्याने दगडात काही शिरत नाही, उलट त्यातून काही निघून जाते. निघून जाणारा तो वायू म्हणजेच आपण ज्याला कार्बन डायॉक्साइड म्हणतो तो. आजच्या मोजमापाप्रमाणे १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम वायू हवेत जातो. म्हणजे दगड भट्टीतून हलका होऊन बाहेर पडला. मग त्याच्या पोटातला तो विस्तव आला कोठून?

येथे विद्यार्थ्यांच्या मनात घर करून बसलेल्या एका कल्पनेची झडती घेणे भाग आहे. पदार्थांतील रासायनिक बंधांत उष्णता साठविलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर सांडते, असे पुष्कळ जण सांगतात, आणि उत्तरपत्रिकांत तर ते दरवर्षी वाचावे लागते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बंध तोडावयाचा तर ऊर्जा मोजावी लागते. बंध जुळला म्हणजे ऊर्जा मिळते. हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते तेव्हाचा हिशेब पाहा. हायड्रोजनाच्या दोन मोलांतील बंध तोडण्यास ८७२ किलोज्यूल लागतात, ऑक्सिजनाच्या एका मोलासाठी ४९८. एकूण खर्च १३७० किलोज्यूल. त्यांतून पाण्याचे दोन मोल घडताना ऑक्सिजन व हायड्रोजन ह्यांचे चार मोल बंध जुळतात आणि प्रत्येकी सुमारे ४६३ प्रमाणे १८५२ किलोज्यूल हाती येतात. जमेतून खर्च वजा जाता जे सुमारे ४८२ किलोज्यूल उरतात, तीच ज्वाला! जमा अधिक तर अभिक्रिया ऊष्मादायी. खर्च अधिक तर ऊष्माग्राही. 'साठा' हा शब्द सोयीचा आहे, परंतु तो बंधाला चिकटविला की सारा जमाखर्च उलटा लिहिला जातो.

आता पुन्हा भट्टीकडे वळू. कॅल्शियम कार्बोनेटाची घट्ट वीण उसवून चुना व वायू वेगळे करणे हे खर्चाचे काम आहे. १०० ग्रॅम चुनखडीमागे १७८ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. शिवाय ही फारकत जोमाने व्हावी म्हणून सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते, ते वेगळेच. भट्टीत जळणारे लाकूड प्रत्यक्षात ह्याहून किती तरी अधिक उष्णता देते. तिच्यातील मोठा भाग दगड तापविण्यात आणि धुराबरोबर आभाळात जातो. तापलेला दगड निवला की त्याची ऊब संपते. पण ते १७८ किलोज्यूल निवण्याने परत येत नाहीत. ते विलग झालेल्या दोन पदार्थांच्या नावे मांडलेले राहतात, मग चुना बर्फासारखा थंड का असेना. विस्तवाचा एकही कण दगडात शिरलेला नाही. वियोगाची किंमत तेवढी भरलेली आहे.

हे चुकते व्हावयाचे कसे? पहिला हप्ता कुंडात मिळतो. ५६ ग्रॅम कळीच्या चुन्याने १८ ग्रॅम पाणी आपलेसे केले की ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. पाण्याच्या रेणूतील एक बंध तुटतो खरा, परंतु त्याहून लाभाचे नवे बंध जुळतात. हा आकडा लहान वाटत असेल तर असे पाहा: एक किलो कळीचा चुना विरताना सुटणारी उष्णता वाया जाऊ दिली नाही, तर साडेतीन लिटरांहून अधिक साधे पाणी तिच्यावर उकळू शकेल. ती सारी काही मिनिटांत सुटते, म्हणून तर कुंड खवळते.

दुसरा हप्ता मात्र कोणी पाहिलेला नसतो. विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीला लावला की तो हळूहळू हवेतील कार्बन डायॉक्साइड घेऊ लागतो आणि पुन्हा चुनखडी होतो. गिलावा कालांतराने दगडासारखा टणक होतो त्याचे हेच कारण. ह्या संयोगात ११३ किलोज्यूल सुटतात. आता बेरीज करा. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८! भट्टीने जेवढे घेतले तेवढेच कुंड आणि भिंत मिळून परत करतात. आणि ह्यातही मला सर्वांत अधिक नवल वाटते ते असे की, एवढा गाजावाजा करणारे कुंड जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक देते, आणि जवळजवळ दोनतृतीयांश देणारी भिंत अक्षरही बोलत नाही. तिचे देणे वर्षानुवर्षे चाललेले असते. तळहात टेकून पाहिले तरी ऊब लागत नाही. अभिक्रियेत किती उष्णता सुटते आणि ती किती वेगाने सुटते, हे दोन प्रश्न किती भिन्न आहेत, हे समजावयाला ह्याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

वाट कोणतीही असो, आरंभ आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची बेरीज तीच येते, हा नियम जेर्मेन हेस ह्याने १८४० साली मांडला. जिनिव्हात १८०२ साली जन्मलेला हा शास्त्रज्ञ रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे काम करीत होता. गंधकाम्लात कमीअधिक पाणी मिसळावयाचे आणि मग अमोनियाने त्याचे उदासिनीकरण करावयाचे, असे त्याचे प्रयोग होते. पाणी मिसळतानाची उष्णता आणि नंतरची उष्णता ह्यांचे वाटे बदलत, एकूण बेरीज बदलत नसे. विशेष हे की ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सर्वसाधारण सिद्धांत त्या वेळी अजून प्रस्थापित व्हावयाचा होता.

असो. गवंडीकाकांच्या डोळ्याचे मात्र राहून गेले. चुन्याच्या खड्यांवर थोडेसेच पाणी शिंपडले तर सारी उष्णता त्या थोड्या पाण्यावर येते, त्याची झटक्यात वाफ होते आणि ढीग अंगावर उडतो. म्हणून भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा, दुरून सोडावयाचा असतो. पानाच्या डब्यातील चुन्याने आपली उष्णता कधीच देऊन टाकलेली असली, तरी त्याचा अल्कधर्मी दाहकपणा गेलेला नसतो. चुन्याची पुडी वा नळी दाबताना ती फुटून लहान मुलांचे डोळे आजही अधू होतात. असे कधी घडले तर वैद्याची वाट पाहत न बसता त्याच क्षणी वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा पुष्कळ वेळ धुवावा, शिरलेले कण निघून जाऊ द्यावेत आणि मग दवाखाना गाठावा.

कोणाच्या वाड्यावर चुन्याचे जुने घर पाडले जात असेल, तर जाड भिंतीच्या गाभ्यातील गिलाव्याचा ताजा तुटलेला तुकडा शाळेच्या प्रयोगशाळेत जरूर आणावा आणि शिक्षकांच्या देखत त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत. जेथे रंग चढणार नाही तेथला चुना पुन्हा दगड झालेला आहे. जेथे गुलाबी डाग उमटेल, आणि जाड भिंतींच्या पोटात तो दीर्घ काळानंतरही उमटतो, तेथे त्या जुन्या भट्टीचे काही देणे अजून फिटावयाचे आहे.