गौतमाने गंगा गवताने अडवली



आपण देवाला जातो, रांगेत उभे राहतो, नारळ वाढवतो आणि मिळेल ती एस.टी. पकडून घरी परततो. देवस्थानाची कथा कोणी सांगितली तर ऐकतो, नाही तर तशीच राहून जाते. आज तुम्हाला जिथे नेतो आहे, तिथली कथा मात्र प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. ती दुष्काळापासून सुरू होते, भाताच्या शेतातून जाते आणि पाणी अडवण्यापाशी येऊन थांबते. हे स्थान म्हणजे नाशिक जिल्ह्यातील श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर.

नाशिकहून त्र्यंबक सुमारे २८ किलोमीटर. एस.टी. तासाभरात पोचवते. वाटेत डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो. तो मागे पडला की समोर ब्रह्मगिरीचा काळा कडा उभा राहतो. श्रावणात गेलात तर कडा निम्मा ढगात असतो आणि अंगावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरत असतात. पायथ्याशी भाताची खाचरे, वरच्या उतारावर नागली, वरई आणि खुरासणी.

मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. आधीच्या जुन्या मंदिराच्या जागी नानासाहेब पेशव्यांनी हे बांधायला घेतले. १७५५ साली सुरू झालेले काम १७८६ साली पुरे झाले. नानासाहेब १७६१ मध्ये, पानिपतानंतर, निवर्तले. सुरू करणाऱ्याच्या डोळ्यांना कळस दिसला नाही, तरी काम थांबले नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. इथे नेहमीसारखी वर आलेली पिंडी नाही. शाळुंकेत खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत: ब्रह्मा, विष्णू आणि महेश.

आता कथा ऐका. ब्रह्मगिरीवर गौतम ऋषी आणि अहल्या यांचा आश्रम होता. मोठा दुष्काळ पडला. माणसे, जनावरे, पाखरे देशोधडीला लागली. गौतमांनी वरुणाची तपश्चर्या केली. वरुणाने सांगितले, “हातभर खड्डा खण.” त्या खड्ड्यात कधी न आटणारे पाणी आले. त्या पाण्यावर गौतमांनी भात पिकवला आणि आश्रयाला आलेल्या ऋषींना, त्यांच्या कुटुंबांना जगवले.

पण पाण्यावरून तंटा व्हायचा तो झालाच! आधी पाणी कोणी भरायचे, यावरून बायकांत बोलाचाली झाली. ती ऋषींपर्यंत गेली आणि ज्याच्या अन्नावर जगले त्यालाच घालवायचे त्यांनी ठरवले. गणपतीला त्यांनी भरीस पाडले. तो समजावत होता, पण भक्तांच्या हट्टापुढे त्याचे चालेना. मरतुकड्या गाईचे रूप घेऊन तो गौतमांच्या भातात शिरला. गौतमांनी गाय हाकलायला गवताच्या चार काड्या उचलल्या. त्यांचा स्पर्श होताच गाय कोसळली आणि मेली. गोहत्येचे पाप माथी आले.

प्रायश्चित्त म्हणून गौतमांनी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घातल्या, शंकराची आराधना केली आणि गंगा मागितली. गंगा डोंगरावर उंबराच्या फांदीतून प्रकटली. पण गौतमांचा घात करणारे ऋषी स्नानाला पुढे आले आणि ती गुप्त झाली. एकदा दिसे, पुन्हा नाहीशी होई. शेवटी गौतमांनी कुश नावाचे गवत हाती घेतले, तिच्याभोवती कुशाचे कडे केले आणि तिला अडवले. ते ठिकाण कुशावर्त. गंगेच्या आग्रहावरून शंकरही तिथेच राहिले, ते त्र्यंबकेश्वर. गौतमांनी आणली म्हणून नदीला गौतमी म्हणतात. आपण तिला गोदावरी म्हणतो.

ही कथा मी लहानपणी आजीकडून ऐकली होती. तिचा अर्थ मात्र मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवला आणि त्यात माझी चूक होती, तीही सांगतो.

१९९६ साली मी याच डोंगरपट्ट्यात कृषी विस्ताराच्या कामावर होतो. पदवी नवी, उत्साह दांडगा. भातावरच्या नाकतोड्यांची अंडी बांधाच्या मातीत असतात, म्हणून उन्हाळ्यात बांध तासून साफ करावेत, ही शिफारस मला पाठ होती. एका वस्तीवर बैठक घेतली आणि सांगितले, “बांधावर गवताची काडी ठेवू नका.” सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात ऐकले एका म्हाताऱ्या बाबांनीच. त्यांनी पोरांना लावून उतारावरच्या तीन खाचरांचे बांध मुळासकट खरवडून काढले.

आवणी झाली आणि चार दिवस झड लागली. वरचा बांध फुटला, त्याच्या लोंढ्याने खालचे दोन्ही गेले. लावलेली रोपे मातीसकट ओढ्याला गेली. मी पाहायला गेलो तेव्हा बाबा फुटलेल्या बांधावर घोंगडी घेऊन बसले होते. मला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. ते एवढेच म्हणाले, “सायेब, तुमी शिकलेले. आता सांगा, गौतमानं गंगा कशानं अडवली? दगडानं का गवतानं?”

मला उत्तर देता आले नाही. शिफारस खोटी नव्हती, पण ती सपाटीच्या खाचरासाठी कितपत आणि उतारावरच्या बांधासाठी कितपत, याचा विचार मी केला नव्हता. बाबांचे त्या वर्षीचे भात गेले ते गेलेच. पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघांनी मिळून त्या बांधांवर खस गवताचे ठोंब लावले. तेव्हापासून मी कोणालाही बांध मुळासकट खरवडा असे सांगितलेले नाही. गवत कापा, जनावरांना घाला, पण मूळ राहू द्या.

ही कथा मृदसंधारण शिकवण्यासाठी रचली, असे मी म्हणणार नाही. पुराणाला पुराणाच्या जागी ठेवावे. पण या मुलखात राहिले की तिच्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटते. मोकाट जनावर पिकात शिरते आणि दोन घरांत वैर होते. पाण्यावरून भावकी तुटते. आणि गंगा दिसते, नाहीशी होते, हे तर इथे दर वर्षी घडते. त्र्यंबकला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, धावते. म्हणून श्रावणात जिथे धबधबे बघायला गर्दी होते, त्याच डोंगरातल्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन झऱ्याशी वाटीवाटीने पाणी भरत बसतात. गोदावरीच्या माहेरी प्यायला पाणी नाही, हे दुःख मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि हीच नदी पुढे केवढी होते पाहा! गंगापूर धरण भरते, नाशिकची बागायत पोसते, पैठणला जायकवाडीचा नाथसागर होते. १४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते. देशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याचे पाणी तिच्यात येते. त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि मुंबईची तहान भागवते.

तुम्ही जाल तेव्हा दर्शन झाल्यावर कुशावर्तावर थोडे बसा. दगडी पायऱ्यांचे चौकोनी कुंड आहे. सिंहस्थात साधूंचे आखाडे इथेच स्नान करतात. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. गर्दी टाळायची असेल तर आडदिवशी जा. गुडघे साथ देत असतील तर सात-साडेसातशे पायऱ्या चढून गंगाद्वारापर्यंत जा. बारीक धार बघून मन भरून येते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला मोठी गर्दी लोटते.

वारकरी मंडळींनी निवृत्तिनाथांची समाधी चुकवू नये. ज्ञानदेवांचे हे थोरले बंधू आणि गुरू. याच ब्रह्मगिरीवर वाट चुकून ते एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथांचा उपदेश मिळाला, अशी कथा आहे. १२९७ साली ते इथे समाधिस्थ झाले. पौष वद्य एकादशीला यात्रा भरते. तेव्हा शेतातली घाई थोडी ओसरलेली असते आणि गावोगावच्या दिंड्या इथे येऊन पोचतात.

परत येताना बहुतेकजण कुशावर्ताचे पाणी बाटलीत भरून आणतात. तुम्हीही आणा, देव्हाऱ्यात ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या मृगात आपल्या उताराच्या बांधावर खस, मारवेल किंवा गावात मिळेल ते घट्ट मुळांचे गवत वीत-वीत अंतराने लावा. दोन वर्षांत त्याचे कडे जमते. झड लागली की छत्री घेऊन बांधावर जा आणि खाली उतरणारे पाणी पाहा. ते गढूळ नसून निवळ असेल, तर तुमच्या रानात गंगा थोडी तरी थांबली असे समजा.

ते बाबा आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी त्या वस्तीवर गेलो होतो. तिन्ही बांध जागेवर आहेत. त्यांचा नातू गवत कापत होता. मी विचारले, “मुळापासून नाही ना काढत?” तो हसला आणि म्हणाला, “आज्याची ताकीद हाये.”