बाळाचे शेजारी

चिरंजीवांच्या हट्टापायी सिंदी मेघेतल्या आमच्या बिऱ्हाडी काचेची पेटी आली. तीत दहा निऑन टेट्रा आणि दोन इंची एक ऑस्कर. दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. गाववाल्यांचे आपसांत पटेलच, हा माझा हिशेब! माणूस दिसताच ऑस्कर काचेशी धावे. सौभाग्यवती तर त्याला 'बाळ' म्हणू लागल्या.

बाळ वाढू लागले, आणि टेट्रा एकेक करून नाहीसे होऊ लागले. दहावा दिसेना, त्या दिवशी चिरंजीव जेवले नाहीत. "बाबा, तो दुष्ट आहे. त्याला नदीत सोडून या!"

मी डबा घेऊन पवनारला धामच्या काठी गेलो. तिथे जाळे विणणाऱ्या एका म्हाताऱ्या ढीवराने हटकले. "साहेब, परका मासा आमच्या नदीत कायले सोडून राहिले? तलावात रोहू-कटल्याचं बी सोडायच्या आधी आम्ही मोहाची पेंड टाकून मरळ काढतो. मरळ का पापी आहे? तोंडात मावते तो तिचा घास."

मी मुकाट्याने परतलो. दुष्ट बाळ नव्हते. शेजाऱ्यांचे गाव विचारणारा आणि बाळाचे तोंड न मोजणारा मीच चुकलो होतो.

ऑस्कर फूटभर होतो, म्हणून आता पेटी मोठी घेतली आहे. सोबतीला बरोबरीच्या अंगाचे, ताटलीसारखे रुंद असे तीन सिल्व्हर डॉलर आहेत. चिरंजीव रोज सकाळी दात घासण्याआधी मोजतात. आजही तीनच भरले.