अडकित्त्यांच्या दालनात मुलांसह

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट मागे टाकून नातूबागेत शिरले की राजा दिनकर केळकर संग्रहालयाची वास्तू लागते. इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या अशी मुलांची समजूत असते. या वास्तूत ती हळूहळू मावळते. शस्त्रे येथेही आहेत. परंतु संग्रहाचा खरा जीव आहे तो दिव्यांत, विळ्यांत, वज्रींत, अडकित्त्यांत आणि जुन्या वाड्यांच्या कोरीव दारांत. माणसे कशी जगली, काय खात होती, अंग कसे स्वच्छ ठेवत होती, हे सांगणारा हा इतिहास आहे. कुटुंबाने एकत्र पाहावा असाच तो आहे.

आत जाण्यापूर्वी मुलांना नावाची कथा सांगा. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या टोपणनावाने लिहिणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांना वस्तू जमवण्याचा छंद लागला. पत्नी कमलाबाईंची त्यात मोलाची साथ होती. त्यांचा मुलगा राजा बालपणीच गेला. त्याच्या स्मृतीस हा संग्रह वाहिलेला आहे, म्हणून संग्रहालयाच्या नावात वडिलांच्या आधी मुलाचे नाव येते. सुमारे २०,००० वस्तूंचा हा ठेवा केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

लहान मुलांपुढे मृत्यूचा विषय काढावा का, असा संकोच पालकांना वाटतो. साध्या, खऱ्या शब्दांत जरूर काढावा. 'तो झोपला' किंवा 'दूर गावी गेला' अशा सांगण्याने मुले धास्तावतात. कोणाला झोपेचे, तर कोणाला प्रवासाचे भय वाटू लागते. 'तो मरण पावला, आईवडिलांना फार दुःख झाले आणि त्याच्या आठवणीसाठी त्यांनी हे उभे केले' एवढे पुरेसे असते. पुढचा प्रश्न मूल स्वतः विचारील, तोवर थांबावे.

सारेच पाहून संपवण्याचा हट्ट मात्र धरू नका. संग्रहालयातील थकव्यावर बेंजामिन गिलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९१६ मध्येच लेख लिहिला होता. मांडणी पाहताना प्रेक्षकाला किती वाकावे, वळावे, मान उंचवावी लागते, हे त्याने छायाचित्रांतून दाखवले. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. एका जागी उभे राहिल्यास हे काम मंदावते. म्हणूनच तासभराच्या फेरफटक्याने न थकणारे आजोबा दालनात अर्ध्या तासात थकतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बसा, पाणी प्या. प्रत्येक मुलाला तीनच वस्तू निवडू द्या आणि त्यांची चित्रे वहीत काढू द्या.

शक्य असेल तर आजीला सोबत न्या. वज्रीपुढे उभे राहून पाटीवरील मजकूर वाचण्यापेक्षा 'आम्ही न्हाताना हिने टाचा घासत असू' हे तिचे वाक्य मुलांच्या अधिक लक्षात राहते. तेथून टाचांच्या भेगांविषयीही बोलता येते. मधुमेह असलेल्यांनी मात्र खरखरीत वस्तूने टाचा घासू नयेत; पायांची संवेदना कमी झाली असेल तर जखम झालेली कळतही नाही.

सर्वांत अधिक वेळ अडकित्त्यांपाशी द्या. पोपट, घोडे, स्त्रीपुरुषांच्या जोड्या. एका सुपारीच्या खांडासाठी कारागिरांनी केवढे कौशल्य वेचले आहे! मुले हरखून जातात. मग त्यांतलेच एखादे विचारते, "सुपारी वाईट असते ना?" येथे घाईने पुढे सरकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने तोंडाचे आतले अस्तर कडक होत जाते, तिखट सोसवत नाही, तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

पानाचा तबक पुढे करणे हे आदरातिथ्य होते, हेही मुलांना सांगा. पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना ठाऊक नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे. अडकित्त्याची कारागिरी जपावी आणि सुपारी सोडावी, या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

बाहेर पडल्यावर मुलांची परीक्षा घेऊ नका. निवडलेल्या तीन वस्तूंपैकी कोणती आपल्या घरात अजून आहे, एवढेच शोधायला सांगा. माळ्यावरच्या पेटीत एखादा गंजलेला अडकित्ता सापडेलही. आणि आजोबांच्या खिशात सुपारीची पुडी सापडली व नातवाने त्यांना तोंड उघडून दाखवायला सांगितले, तर त्याला गप्प करू नका. डॉक्टरांचे न ऐकणारे आजोबा नातवाचे पुष्कळदा ऐकतात.