शिशाचा जिम्मा

पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे दाट द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला १५-२० हजार व्होल्टचा विद्युतदाब जोडला, की टोकाशी लोंबणारा थेंब हळूहळू शंकूसारखा निमुळता होतो आणि त्याच्या अग्रातून निघालेली धार क्षणमात्र सरळ जाऊन पुढे अशा वेगाने भोवंडते, की दृष्टीला तेथे केवळ एक पांढुरका धूसर पट्टा भासतो. या शंकूचे गणित सर जेफ्री टेलर यांनी १९६४ साली मांडले. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र ते द्रावण सुईच्या तोंडाशीच गोठून बसे, म्हणून खोलीतील दमटपणा उतरल्याखेरीज यंत्राला हात लावायचा नाही, असा आमचा शिरस्ता होता.

या धारेतून जमलेला, काही शे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचा शुभ्र पडदा हायड्रॉक्सिलअमाइनच्या ऊन द्रावणात ठेवला, की तंतूंवर अ‍ॅमिडॉक्झिमचे गट निर्माण होऊन तो पिवळसर होतो आणि धातूंचे आयन धरू लागतो. तांब्याच्या द्रावणातील तुकडा माझ्या डोळ्यांदेखत हिरवट झाला तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे. आम्हांला पाण्यातून काढायचे होते ते शिसे मात्र असा रंग दाखवीत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, आणि इतके अल्प प्रमाण मोजायला आम्ही नमुना अणुशोषण यंत्राच्या ग्राफाइट भट्टीत तापवीत असू.

ऊर्ध्वपातित पाण्यातील यशावर माझे समाधान होत नसे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विपुल असते. तसल्या पाण्यात शिसे मिसळून पाहिले, तेव्हा पडद्याची धारणशक्ती काहीशी घटली, तरी त्याचा ओढा शिशाकडेच राहिला. हा निकाल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण लोक पितात ते पाणी हे.

पडदा सौम्य नायट्रिक आम्लाने धुतला, की धातू सुटतो व तोच पडदा पुन्हा कामास येतो; परंतु पिंपभर पाण्यात विखुरलेले शिसे आता बाटलीभर आम्लात साठलेले असते. आमच्या प्रयोगशाळेत ती बाटली तपशीलवार नोंद होऊन घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेच्या हवाली होई. गावातील पाणवठ्यावर हा जिम्मा कोणी घ्यावा? गावासाठी या पडद्यांचा प्रस्ताव लिहिताना हा प्रश्न मला बाजूस सारवेना, आणि खर्चाच्या तपशिलात वापरलेले आम्ल गावातून परत आणण्याचे स्वतंत्र कलम मी पडद्यांच्या किमतीच्याही वर घातले.