सोपवलेली वस्तू

आमच्या मोहल्ल्यांत 'अमानत' या शब्दाला फार वजन आहे. हजला निघालेला माणूस शेजाऱ्याकडे दागिन्यांचा डबा ठेवून जातो. परतल्यावर तो जसाच्या तसा मिळावा, ही अपेक्षा असते. शिंप्याकडे दिलेल्या कापडाची गोष्ट वेगळी. ते कापण्यासाठीच दिलेले असते. वस्तू दोन्हीकडे दुसऱ्याच्या हाती जाते, फरक असतो तो बोलीचा. संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना हा फरक रोज सांभाळावा लागतो. प्रोग्रॅमची भाषा तो आपणहून सांभाळत नाही.

जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांसमोर आणलेली रुबी ही भाषा घ्या. तिच्यात शब्द, आकडा, यादी सारे काही ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू. एखादे काम करून देणाऱ्या मेथडला आपण यादी देतो, तेव्हा तिची नक्कल जात नाही, त्याच यादीचा पत्ता जातो. मेथडने आपल्याकडच्या चिठ्ठीवर दुसरा पत्ता लिहिला, तर मूळ मालकाचे काही बिघडत नाही. पण दिलेल्या पत्त्यावर जाऊन भिंत पाडली, तर घर दोघांचेही पडते. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या सीएलयू या भाषेतही हीच रीत होती.

एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा प्रोग्रॅम आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. फलकावरच्या यादीत मुलांची नावे झाकून फक्त क्रमांक आणि रकमा दाखवाव्यात, असा विश्वस्तांचा आग्रह. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा हेतू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने खबरदारी म्हणून 'डूप'ने यादीची नक्कल काढली, मग 'ईच'च्या ब्लॉकमध्ये एकेका नावावर 'रिप्लेस' चालवून फुल्या टाकल्या. फलकाची यादी नीट झाली. नंतर धनादेशांची यादी छापली, तर तिच्यातही फुल्याच! 'डूप' यादीची नक्कल काढते, यादीतल्या नावांची नाही. कागद दोन झाले, नावे तीच राहिली. खजिनदारचाचांचे हाताने लिहिलेले रजिस्टर होते, म्हणून मुलांची फी वेळेवर भरली गेली. आम्ही 'ईच'च्या जागी 'मॅप' घालून फुल्यांची नवीच यादी तयार केली. मूळ नावांना हात लागला नाही.

ब्लॉक म्हणजे मेथडसोबत पाठवलेला कामाचा तुकडा. मेथडला बाहेरची स्थानिक नावे दिसत नाहीत, ब्लॉकला दिसतात. बाहेर 'एकूण' मांडून ब्लॉकमध्ये रकमा मिळवत गेले, तर बाहेरचीच बेरीज वाढते. सोय मोठी, पण जपून वापरायची. रुबी १.८ पर्यंत ब्लॉकने घेतलेले नाव बाहेरच्या नावाशी जुळले, तर बाहेरची किंमतच बदलत असे. १.९ पासून हा धोका गेला.

जागच्या जागी बदल करणाऱ्या मेथडच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावण्याची रुबीत रीत आहे. 'सॉर्ट' नवी यादी देते, 'सॉर्ट!' त्याच यादीचा क्रम बदलते. मात्र चिन्ह नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 'रिप्लेस', 'क्लिअर', 'डिलीट' या मेथड निमूटपणे मूळ वस्तू बदलतात. 'फ्रीझ'ने वस्तूला कुलूप घालता येते, मग बदलू पाहणाऱ्याला भाषाच अडवते. पण यादीला घातलेले कुलूप आतल्या नावांना लागत नाही.

मग प्रत्येक वेळी सगळ्याची नक्कलच का काढू नये? लाखो नोंदींची यादी पुन्हा पुन्हा उतरवणे जागा आणि वेळ दोन्ही खाते. शिवाय कधी कधी तीच वस्तू बदलून हवी असते. बदल करणे हा गुन्हा नव्हे, न सांगता करणे हा गुन्हा. म्हणून मेथड वस्तू बदलणार असेल, तर तिच्या नावातून ते कळावे आणि देणाऱ्याने ते जाणून द्यावे, एवढे पथ्य आम्ही पाळतो. संगणकाला नाव आणि फुली सारखीच. त्या नावाचे मूल मात्र कुठल्या तरी घरात फीची वाट पाहत असते.